पहिल्या चित्राची किंमत

श्रोतेहो, नमस्कार.

चित्रकलेकडे नुकतेच वळलेल्या आणि आपले एखादे चित्र विकावे असे पहिल्यांदाच ज्यांच्या मनात आले आहे, अशा तरुण मुलामुलींशी मला आज बोलायचे आहे. त्यांच्या आईवडिलांनीही हे ऐकावे अशी माझी इच्छा आहे, कारण पहिल्या चित्राच्या किमतीची चर्चा बहुतेक वेळा घरातच होते, आणि तिथे एक तर कौतुकापोटी फार मोठा आकडा सुचवला जातो किंवा काळजीपोटी फार लहान.

ब्रश धरताना जो हात जराही कचरत नाही, तोच हात किमतीची चिठ्ठी लिहिताना अडखळतो. समोर कोणी उभे राहून "हे चित्र केवढ्याला?" असे विचारले, की "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या" असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. या उत्तराला आपण विनय समजतो. मला मात्र त्यात विचारणाऱ्याची अडचण दिसते. त्याला चित्र आवडलेले असते, पण दराची काहीच कल्पना नसते; कमी सांगितले तर चित्रकाराचा अपमान होईल आणि जास्त सांगितले तर आपण फसू, अशा पेचात सापडून तो "पुन्हा येईन" म्हणतो आणि निघून जातो. किंमत ठरवणे हे चित्रकाराचे काम आहे, आणि ते गिऱ्हाईक समोर येण्याच्या कितीतरी आधी, शांतपणे बसून करायचे असते.

किमतीचा विषय निघाला की जेम्स व्हिसलर या चित्रकाराचा किस्सा हमखास सांगितला जातो. १८७७ मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनात त्याने रात्रीच्या आकाशातल्या आतषबाजीचे एक चित्र मांडले आणि त्याची किंमत २०० गिनी (गिनी हे त्या काळचे इंग्रजी चलन) ठेवली. जॉन रस्किन या नामांकित समीक्षकाने त्यावर अत्यंत कडवट टीका केली, आणि व्हिसलरने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८७८ मध्ये न्यायालयात त्याला विचारण्यात आले, की दोन दिवसांच्या श्रमांसाठी आपण एवढी रक्कम मागता काय? त्यावर, दोन दिवसांच्या श्रमांसाठी नव्हे, तर आयुष्यभर मिळवलेल्या ज्ञानासाठी मागतो, असे त्याने उत्तर दिले. उत्तर बाणेदार होते आणि दावाही तो जिंकला. पण भरपाई म्हणून त्याला मिळाला केवळ एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा, आणि खटल्याच्या खर्चाचा भार डोक्यावर घेऊन पुढच्याच वर्षी त्याचे दिवाळे निघाले.

नवोदितांनी या उत्तराचा आधार घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्राचे मोल घड्याळाने मोजता येत नाही हे व्हिसलरचे म्हणणे खरेच आहे. परंतु ज्याच्या मागे अजून आयुष्यभराचे काम उभे नाही, त्याला ते कारण सांगता येत नाही. केवळ तासांचा हिशेबही त्याच्या कामाचा नाही. नवशिक्याला चित्रातल्या एका हाताची बोटे काढण्यात तीन दिवस खर्च करावे लागतात आणि तोच हात सरावलेला माणूस तासाभरात काढतो. तासांवर किंमत ठरवली तर जो कमी शिकलेला तो अधिक महाग, असा उलटाच न्याय होईल. प्रेमावर किंमत ठरवणे तर त्याहून धोक्याचे. जे चित्र काढताना आपण रडलो ते दुप्पट किमतीचे, आणि जे सहज जमून गेले ते स्वस्त, हा हिशेब खरेदी करणाऱ्याला कधीच कळणार नाही. एखादे चित्र इतके जिव्हाळ्याचे असेल, की ते गेल्यावर जीव हळहळेल, तर ते विक्रीला ठेवूच नये. "विक्रीसाठी नाही" अशी चिठ्ठी लावण्याचा अधिकार प्रत्येक चित्रकाराला आहे.

मग आधार कशाचा घ्यावा? आकाराचा घ्यावा. तो डोळ्यांना दिसतो, पट्टीने मोजता येतो आणि कोणालाही समजावून सांगता येतो. आकारावर दर ठरवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत लांबी आणि रुंदी यांचा गुणाकार करून प्रत्येक चौरस सेंटीमीटरला किंवा चौरस इंचाला एक दर लावतात. दुसरीत लांबी आणि रुंदी यांची नुसती बेरीज करून त्या बेरजेला दर लावतात. फरक किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. एक चित्र २० बाय ३० सेंटीमीटरचे आणि दुसरे ४० बाय ६० चे आहे असे समजा. गुणाकाराने पहिले ६०० चौरस सेंटीमीटर भरते आणि दुसरे २४००, म्हणजे मोठ्या चित्राची किंमत थेट चौपट होते. बेरजेने पहिले ५० आणि दुसरे १००, म्हणजे किंमत दुप्पट. आता उलट्या दिशेने जाऊन १० बाय १५ सेंटीमीटरचे छोटे चित्र घ्या. गुणाकाराने ते २० बाय ३० च्या चित्राच्या एक चतुर्थांश किमतीचे ठरते, पण त्याचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा, त्याची चौकट आणि त्यामागची तयारी काही एक चतुर्थांश नसते. म्हणून लहान चित्रे गुणाकाराने फार स्वस्त होतात आणि मोठी चित्रे आवाक्याबाहेर जातात. नवोदितांसाठी मला बेरजेची पद्धत अधिक न्याय्य वाटते. कागदावरचे काम आणि कॅनव्हासवरचे काम यांचे दर वेगळे ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि ती पाळण्यात काही गैर नाही.

दर नेमका किती, हे आपल्याइतकाच अनुभव असलेले चित्रकार त्याच आकाराच्या आणि त्याच माध्यमाच्या कामाला काय मागतात, हे चार ठिकाणी पाहून ठरवावे. नामवंतांकडे पाहू नये. मात्र आलेला आकडा खर्चाच्या कसोटीवर उतरतो की नाही, हे तपासल्याशिवाय तो पक्का करू नये. इथे बहुतेकांची गफलत होते ती कलादालनाच्या कमिशनबाबत. हे कमिशन ४० ते ५० टक्के असणे अनेक देशांत सर्रास आढळते, आणि ते चित्रकाराच्या फायद्यावर नव्हे, तर पूर्ण विक्री किमतीवर, म्हणजे अनेकदा चौकटीच्या खर्चासकट आकारले जाते. किमतीचे १०० भाग धरले तर ४० भाग कलादालनाचे झाले. उरलेल्या ६० पैकी चौकट आणि काच यांचे २० गेले, कागद, रंग, वाहतूक आणि छायाचित्रण यांचे १५ गेले. चित्रकाराच्या हाती २५ भाग राहिले. हे गणित आधी मांडले नसेल, तर चित्र विकले गेल्याच्या आनंदातच पदरचे पैसे गेलेले असतात.

यावर पुष्कळ जण एक सोपी वाट काढतात. दालनात १०० भागांचे असलेले चित्र ते घरून ६० भागांना देतात. आपल्या हाती तेवढेच येते, मग घेणाऱ्याचा फायदा का होऊ नये, असा त्यांचा विचार असतो. हे मात्र कधीही करू नये. किंमत म्हणजे आपण पहिल्या खरेदीदाराला दिलेला शब्द आहे. ज्याने आपल्याला कोणी ओळखत नसताना पूर्ण पैसे मोजले, त्याला महिन्याभराने तसेच चित्र कितीतरी कमी दराने गेल्याचे कळले, तर त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो, आणि दालनाचे दारही बंद होते. म्हणून घरी, दालनात, प्रदर्शनात आणि समाजमाध्यमांवर किंमत एकच असावी. आत्या, मामा आणि वर्गमित्र यांना स्वस्तात देण्याचा आग्रह होतो. त्यांना द्यायचेच असेल तर सरळ भेट द्यावे आणि मागे "सप्रेम भेट" असे लिहावे, पण दरपत्रक मोडू नये. याच कारणासाठी मी म्हणेन, की सुरुवातीची किंमत थोडी खालची ठेवावी. खालून वर जाता येते. वरून खाली येताना मात्र आधी घेतलेल्या प्रत्येकाचे नुकसान होते.

आता मांडणीकडे वळू. मांडणी म्हणजे भारी चौकट, असा एक समज आहे. खरे तर ती चित्राच्या पाठीमागून सुरू होते. कागदावरचे चित्र माउंटला साध्या चिकटपट्टीने चिकटवले, तर काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो, आणि तो डाग पुन्हा निघत नाही. त्याऐवजी चित्राच्या वरच्या कडेला, मागच्या बाजूने, पातळ पण चिवट जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावतात. चित्र त्या पट्ट्यांवर लोंबते, हवेतल्या दमटपणाने कागद फुगला किंवा आकसला तरी त्याला हालचालीला जागा मिळते, आणि पुढे कधी काढायचे झाले तर खळ पाण्याने सुटते. माउंट आम्लरहित बोर्डाचा असावा. त्याचे दुसरे काम चित्र आणि काच यांच्यात अंतर ठेवण्याचे असते, कारण काचेला टेकलेला जलरंग किंवा पेस्टल दमट हवेत काचेलाच चिकटून बसतो. माउंटचा रंग पांढरा किंवा फिकट ठेवावा. चित्रातल्या निळ्याशी जुळणारा निळा माउंट निवडण्याचा मोह होतो, पण त्याने चित्रातला निळा मरतो.

आणखी एक गोष्ट खरेदीदाराला दिसत नाही, पण तिची जबाबदारी आपली असते. रंग टिकाऊ आहेत का? डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आपल्या झोपण्याच्या खोलीचे चित्र काढले, आणि त्यातल्या भिंती फिकट जांभळ्या असल्याचे पत्रात लिहून ठेवले आहे. आज त्या आपल्याला निळ्या दिसतात, कारण त्या जांभळ्यातला तांबडा रंग उजेडाने उडून गेला. आजही डायपासून, म्हणजे विरघळणाऱ्या रंगापासून, बनवलेली मार्करपेने आणि झगझगीत फ्लुओरेसंट रंग लवकर फिकटतात. चांगल्या रंगांच्या नळीवर प्रकाशात टिकण्याची श्रेणी छापलेली असते. ती वाचण्याची सवय लावून घ्यावी. वहीत मार्करने काढलेले चित्र सुंदर असले, तरी मूळ चित्र म्हणून पूर्ण किमतीला विकण्याआधी ते किती वर्षे टिकेल, हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि उत्तर घेणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगावे. तैलचित्राबाबतही हेच. जाड थराचे तैलरंग वरून सुकलेले दिसले तरी आतून ओले असतात, आणि पारंपरिक वार्निश, म्हणजे वरचा पारदर्शक संरक्षक थर, सहा महिने ते वर्षभर थांबून लावतात. चित्र त्याआधी विकले, तर वार्निश बाकी आहे हे लिहून द्यावे.

प्रदर्शनात चित्र टांगताना त्याचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंटीमीटरवर येईल असे पाहावे. ही उभ्या माणसाच्या नजरेची उंची आहे. चित्रांची गर्दी करू नये. वीस चित्रे एकमेकांना खेटून लावण्यापेक्षा आठ मोकळी लावली, तर प्रत्येकापुढे माणूस थांबतो. शेजारच्या चिठ्ठीवर चित्रकाराचे नाव, चित्राचे शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार आणि किंमत एवढे पुरते. आकार लिहिताना आधी उंची आणि मग रुंदी लिहिण्याचा कलाजगतात प्रघात आहे. किंमत लपवून "चौकशी करा" असे लिहू नये. नव्या माणसाकडे चौकशी करायला कोणी धजत नाही.

चित्राचे छायाचित्र काढताना कॅमेरा चित्राला अगदी समांतर धरावा, चौकट आणि काच नसताना काढावे, आणि प्रकाश दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून सारखा पडू द्यावा. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडही उत्तम असतो. मग संगणकावर रंग अधिक गडद करण्याचा मोह आवरावा. पडद्यावर पाहून घेतलेले चित्र हातात आल्यावर फिके वाटले, तर दोष चित्राचा नसूनही घेणारा नाराज होतो.

विक्री झाली की पावती द्यावी आणि तिच्यावर शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष व रक्कम यांची नोंद करून सही करावी. चित्र विकले म्हणून त्याच्या प्रती छापण्याचा हक्क आपोआप विकला जात नाही. बहुतेक देशांच्या कायद्यांनुसार तो लेखी दिला नसेल तर चित्रकाराकडेच राहतो, आणि हे एक वाक्य पावतीवर लिहून ठेवले म्हणजे पुढचे वाद टळतात. तोच हक्क दुसऱ्यांनाही असतो, हेही ध्यानात असू द्यावे. कोणाच्या छायाचित्रावरून परवानगीशिवाय काढलेले चित्र आपले मूळ काम म्हणून विक्रीला ठेवता येत नाही, मग त्यात हातखंडा कितीही असो.

शेवटी किंमत वाढवण्याविषयी. एका चित्राचे कौतुक झाले म्हणून ती वाढवू नये. सलग काही काळ मांडलेल्या चित्रांपैकी निम्म्याहून अधिक चित्रे पूर्ण दराने जाऊ लागली, की सगळ्या दरपत्रकात दहा-पंधरा टक्के वाढ करावी आणि ती जुन्या, न विकलेल्या चित्रांनाही लावावी. एखादे चित्र विकलेच गेले नाही, तर त्याचा दर पाडू नये. ते भिंतीवरून उतरवून वर्षभर बाजूला ठेवावे आणि दुसऱ्या चित्रांच्या सोबतीने, वेगळ्या जागी पुन्हा मांडून पाहावे. नमस्कार.