पंचावन्नाव्या वर्षी काढलेली कंपनी

स्टार्टअप म्हटलं की कॉलेज सोडून आलेलं विशीतलं पोरगं डोळ्यासमोर येतं ना, पण मॉरिस चँग यांनी टीएसएमसी, म्हणजे दुसऱ्यांच्या चिप बनवून देणारी तैवानची कंपनी, काढली तेव्हा ते 55 वर्षांचे होते. आपल्याकडे या वयात रिटायरमेंटची भाषा सुरू होते.

जन्म 1931 चा, चीनमधल्या निंग्बोचा. लहानपण युद्धाच्या धामधुमीत, या शहरातून त्या शहरात. 18 व्या वर्षी अमेरिका. एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाले, मास्टर्स केलं, पण पीएचडीच्या पात्रता परीक्षेत दोनदा नापास, म्हणजे आता नोकरी बघणं आलं. 1955 साल. फोर्डची ऑफर महिना 479 डॉलर, सिल्व्हेनिया या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची 480. मन होतं फोर्डवर, म्हणून फोन करून विचारलं थोडं वाढवून देता का, तर तिकडून सरळ नकार. मग गेले सिल्व्हेनियात, सेमीकंडक्टरच्या म्हणजे चिप ज्यापासून बनतात त्याच्या कामावर, ज्यातलं त्यांना तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. दिवसभर काम आणि रात्री या विषयातल्या शॉकले या शास्त्रज्ञाचं जाडजूड पुस्तक घेऊन बसायचं, असं शिकले.

1958 ला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन चिप कंपनी. तिथे आयबीएमसाठी ट्रान्झिस्टर, म्हणजे बारीक इलेक्ट्रॉनिक स्विच, बनवणारी एक लाइन होती, यील्ड जवळपास शून्य, म्हणजे बनवलेला जवळजवळ सगळा माल भंगारात. चँग तिथे ठाण मांडून बसले, तापमान थोडं बदल, प्रेशर थोडं बदल, परत बघ, आणि काही महिन्यांत यील्ड 20 टक्क्यांच्या वर नेलं. मला त्यांच्या अख्ख्या करिअरमधला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो, कारण पुढचं सगळं या शॉप फ्लोअरवरच्या हातातूनच आलंय. कंपनीने स्वतःच्या खर्चाने स्टॅनफर्डला पाठवलं, 1964 ला पीएचडीही झाली. पण 25 वर्षं देऊन सर्वात वरची खुर्ची काही मिळाली नाही आणि 1983 ला ते बाहेर पडले.

पुढच्या नोकरीत गॉर्डन कॅम्पबेल नावाचे एक उद्योजक त्यांच्याकडे चिप कंपनीसाठी 5 कोटी डॉलर मागायला आले, आणि मग गायबच झाले. चँगनी फोन केला तर म्हणाले, आता 50 लाखांत भागतंय, कारखाना काढतच नाही, चिप फक्त डिझाइन करणार. हे डोक्यात राहिलं.

1985 ला तैवान सरकारने संशोधन संस्था चालवायला बोलावलं आणि लगेच विचारलं, चिपची कंपनी काढता का? चँगनी मांडलं की आपण स्वतःची चिप विकायचीच नाही, फक्त दुसऱ्यांच्या डिझाइन बनवून द्यायच्या. इंटेलने पैसे नाकारले, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनेही. शेवटी जवळपास निम्मा पैसा सरकारचा, साधारण 28 टक्के फिलिप्सचा, उरलेला तैवानच्या उद्योगपतींना गळ घालून. 1987 ला तैवानच्या सिंचूमध्ये टीएसएमसीचं काम सुरू झालं.

आणि मग नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीच्या तरुण मालकाचं पत्र आलं, आमच्याकडे कारखाना नाही, आमच्या चिप बनवाल का? चँगनी स्वतः फोन उचलून लावला. पलीकडे ऑफिसात गोंगाट चाललेला, आणि जेन्सन हुआंग सगळ्यांना गप्प करत होते, थांबा, मॉरिस चँगचा फोन आहे. ती कंपनी म्हणजे एआयच्या चिपसाठी आज ओळखली जाणारी एनव्हिडिया.