स्वप्नात स्पर्धा सुरूच होत नाही

नमस्कार श्रोतेहो.

खो-खोचा सामना रंगात आलाय. पाठीवर थाप पडते, "खो!" ऐकू येतं, तुम्ही उठायला जाता, तर पाय जमिनीला चिकटलेले. किंवा एकांकिका स्पर्धेत तिसरी घंटा होते, पडदा सरकतो आणि ध्यानात येतं की आपण भलत्याच नाटकाच्या वेशात उभे आहोत. परीक्षकांच्या खुर्चीत शाळेतले गणिताचे सर, आणि शेजारी, का कोण जाणे, आपला दूधवाला! गुण मात्र दोघंही गंभीरपणे मांडतायत.

अशी स्वप्नं ऐकताना मला एका गोष्टीची गंमत वाटते. त्यांत हरणारं फारसं कुणी भेटत नाही. हरायला आधी धावावं लागतं ना! इथे बूट सापडत नाहीत, छातीवर लावायचा नंबर घरी राहिलेला असतो, मैदानाकडे जाणारा जिना संपता संपत नाही. निकाल दूरच, शिट्टीसुद्धा वाजत नाही.

१९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या यूजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतला एक वेगळा टप्पा जगापुढे मांडला. मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर फिरत असतात. तेव्हा उठवलं, तर माणूस बहुधा ठसठशीत स्वप्न सांगतो. या वेळी भीतीशी नातं असलेला मेंदूचा भाग, अमिग्डाला, जोरात असतो आणि "हे कसं शक्य आहे?" असं विचारणारा कपाळामागचा भाग मंदावतो. म्हणून दूधवाला परीक्षक झाला तरी हरकत घ्यायला कुणी जागं नसतं. हातापायांचे स्नायूही तेव्हा जवळजवळ लुळे पडलेले असतात. चिकटलेल्या पायांचं मूळ त्यातच असावं, असं काहींना वाटतं.

रात्र सरते तसा हा टप्पा लांबत जातो. 'पहाटेचं स्वप्न खरं होतं' म्हणणाऱ्या आजीचं भाकीत सोडून द्या. पण पहाटेचं स्वप्न लांबलचक असतं आणि ध्यानात राहतं, हे तिनं बरोबर हेरलं होतं.

आता स्पर्धा परीक्षावाल्यांनी जरा कान द्या. पॅरिसमध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या चुरशीच्या परीक्षेला बसलेल्या ७१९ विद्यार्थ्यांना झोपेच्या अभ्यासक इझाबेल आर्नुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वप्नांबद्दल विचारलं. अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. आदल्या रात्री सुमारे ६० टक्के मुलांना परीक्षेचं स्वप्न पडलं होतं, आणि ७८ टक्के स्वप्नांत काहीतरी घोटाळा होता. पोचायला उशीर झाला, नाहीतर उत्तरंच आठवेनात. पण ज्यांना स्वप्न पडलं, त्यांची कामगिरी इतरांपेक्षा सरस निघाली! स्वप्नानं गुण दिले, असं म्हणायला मी तयार नाही. ज्याच्या डोक्यात रात्रंदिवस परीक्षा, त्याच्या झोपेतही तीच शिरणार. फिनलंडचे मानसशास्त्रज्ञ अँटी रेवोनसुओ मात्र स्वप्नांकडे धोक्याची रंगीत तालीम म्हणूनच पाहतात. तसं असेल, तर उशिरा पोचण्याची तालीम झालेला मुलगा सकाळी घड्याळ दोनदा बघून निघत असेल.

आणि परीक्षा संपून वर्षं लोटली तरी स्वप्न सुटत नाही, त्याचं काय? मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांचे सहकारी विल्हेल्म श्टेकेल यांचं म्हणणं असं की, हे स्वप्न पास झालेल्या परीक्षेचंच पडतं. फ्रॉइडनी स्वतःचा दाखला दिला. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र हे पास झालेले विषय त्यांना झोपेत छळायचे. न्यायवैद्यकात ते खरोखर नापास झाले होते, आणि तो विषय कधी स्वप्नात आलाच नाही.

मला हे पूर्ण पटलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला खरोखर हुकलेल्या बक्षिसाचं किंवा उडालेल्या विषयाचं स्वप्न अजून पडत असेल, तर आम्हाला जरूर कळवा. श्टेकेलसाहेबांना खोटं पाडायला एक पत्र पुरेल.