फुलीपाशी सही

[अतिदक्षता विभागाबाहेरचा व्हरांडा. पहाट. भिंतीलगत चटया, पाण्याच्या बाटल्या.]

"बेड नंबर सातचे नातेवाईक कोण?" हाक येते तशी चटईवरची तीन माणसं एकदम उठतात. सिस्टर कागद पुढे करतात. फुली मारलीय, तिथे सही करायची.

[जवळून: कागद. ओळीवरून सरकणारं बोट.]

'रुग्णास अंतःश्वासनलिका नलिकाप्रवेशन करणे आवश्यक असून तदनुषंगिक गुंतागुंतींची मला पूर्ण कल्पना देण्यात आली आहे.' कागद मराठीतच आहे. पण बोट 'तदनुषंगिक'पाशी अडकलंय.

[लांब टेबल. लाल पेन, खोडलेली पानं.]

असे संमतीचे कागद आम्ही इथे सोप्या मराठीत पुन्हा लिहितोय. अमेरिकेत रुग्णांसाठीचा मजकूर सहावीतल्या मुलाला कळेल इतका सोपा असावा, असं डॉक्टरांची संघटनाच सांगते. हा सोपेपणा मोजायला सूत्रं आहेत. १९६९ सालचं 'स्मॉग' सूत्र तीन आणि जास्त अक्षरांचे शब्द मोजतं. मराठीत 'दवाखाना'च चार अक्षरी, आणि तो तर लहान पोरालाही कळतो. म्हणून इथे मोजमाप एकच: वॉर्डातल्या मावशींनी मोठ्यानं वाचायचं. त्या अडखळल्या की शब्द खोडायचा.

'नलिकाप्रवेशन' गेलं. आलं: 'तोंडातून घशात नळी घालून ती मशीनला जोडतात. नळी असेपर्यंत पेशंटला बोलता येत नाही.' मग आणखी एक ओळ, जुन्या कागदावर नसलेली आणि आमच्या मते सगळ्यात मोलाची: 'व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही. औषधं लागू पडेपर्यंत श्वास चालू ठेवतो.'

[मावशींचे दोन्ही तळवे उशीवर. उशी दबते, वर येते.]

हृदय बंद पडलं तर छाती अशी दाबतात. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटीमीटर खोल. बरगड्या मोडू शकतात. 'सीपीआर' या तीन इंग्रजी अक्षरांत यातलं काहीच दिसत नाही. मावशी थांबतात, हात झटकतात, पुन्हा दाबतात.

[व्हेंटिलेटरचा पडदा. हिरवी रेघ.]

उपचार काय, धोका काय, दुसरा मार्ग कोणता, नको म्हटलं तर काय होईल, हे सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलंय. अडलेल्या माणसांच्या सह्या घाईत होतात, आणि खर्च किती, दिवस किती, हे नंतर कळतं.

[व्हरांडा. नवा कागद, तेच बोट. पान उलटतं.]

"सिस्टर, सही करते. पण आधी डॉक्टरांना एक विचारायचंय."

[निवेदन नाही. व्हरांड्यातला आवाज तसाच राहू द्यावा.]