हीटर घेण्याआधी खिडकीची फट बघा

नमस्कार मंडळी! नाशिक, निफाड, सिन्नर, दिंडोरी, जिथून कुठून ऐकताय तिथे पहाटेची थंडी काय असते ते मी वेगळं सांगायला नको. निफाडला पारा कधी कधी पाच-सहा डिग्रीपर्यंत उतरतो, द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून बसतात, आणि आपण काय करतो तर थेट दुकान गाठून हीटर घेऊन येतो. दोन हजार वॅटचा हीटर म्हणजे तासाला दोन युनिट हो! आणि खिडकीतून वारा शिरत असेल तर ती गरम हवा खोलीत टिकतच नाही, म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी फटी बुजवा.

फट शोधायची सोपी पद्धत म्हणजे उदबत्ती. वारा असेल त्या रात्री पंखा बंद करायचा, पडदा पूर्ण बाजूला घ्यायचा आणि उदबत्ती चौकटीच्या कडेकडेने हळू फिरवायची, जिथे धूर आडवा पळाला तिथे पेन्सिलने खूण करायची.

आता खिडकी लाकडी असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या, लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि थंडीत आकसतं. जुलैमध्ये खिडकी लागत नाही म्हणून सुताराकडून रंधा मारून घेतात, आणि मग डिसेंबरात तीच खिडकी शिट्टी वाजवते! त्यामुळे लाकूड तासायचं असेल तर बेताने. काचेभोवतीची लांबी, म्हणजे पुट्टी, सुटली असेल तर ती परत भरून घ्या, आणि झडप जिथे चौकटीला टेकते तिथे फोमची चिकट पट्टी लावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. फक्त आधी ओल्या फडक्याने पुसून जागा पूर्ण कोरडी होऊ द्या, धुळीवर चिकटवलेली पट्टी टिकत नाही.

फ्लॅटमध्ये बहुतेक अॅल्युमिनियमची स्लायडिंग असते, तिचा वारा येतो तो कडेच्या केसाळ ब्रशपट्टीतून, ती काही वर्षांत झिजून टक्कल पडल्यासारखी होते. ती ओढून काढायची आणि तुकडा दुकानात नेऊन त्याच रुंदीची नवी आणायची, मीटरवर मिळते, महाग नसते. दोन झडपा मधे जिथे एकमेकींना भिडतात तिथली तर आवर्जून बघा. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या भेगेत सिलिकॉन भरा, पण सरकणाऱ्या भागाला ते लावू नका, खिडकी कायमची बसेल. आणि खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात ना, ती बुजवायची नाहीत बरं का, पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं.

काचेसाठी बबल रॅप घ्या, पार्सलमधून आलेला असतोच घरात. काचेवर पाण्याचा स्प्रे मारायचा आणि फुगे काचेकडे करून दाबायचा, गोंद वगैरे काही लागत नाही. फुग्यांमध्ये कोंडलेली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही, काचेपेक्षा कितीतरी पटीने कमी. बाहेरचं धुरकट दिसतं हे खरं, पण उजेड येतो. ज्यांना ते नको त्यांनी रात्री जाड पडदा किंवा जुनी चादर लावा, मात्र ती खिडकीच्या खालपर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर गार हवा खालून घरंगळत आत येते.

आता महत्त्वाचं. हे सगळं बेडरूम आणि हॉलसाठी आहे. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथली झरोक्याची जाळी किंवा खिडकी अजिबात बंद करायची नाही, स्वयंपाकघरातलीही नाही. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपायचं तर कधीच नाही. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. आंघोळ करताना डोकं दुखायला लागलं, गरगरलं, मळमळलं तर आधी दार उघडून बाहेर या, मोकळ्या हवेत बसा, गिझर दुसऱ्या कोणालातरी बंद करायला सांगा आणि दवाखान्यात जा. लहान मुलं आत असतील तर दाराला आतून कडी लावू देऊ नका.