ओट्यावरची चैन

(इंदूरमधल्या एका मराठी मंडळात झालेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

मंडळी, नमस्कार. विषय कळवला तेव्हा कार्यवाहांचा फोन आला होता. म्हणाले, "ताई, खाणं ठीक आहे, राजवाड्याची सजावट ठीक आहे, पण ते कॉकटेल पत्रिकेत छापायचं का?" मी म्हटलं, तुम्ही 'पेयं' छापा, बोलायचं ते मी बोलते. पत्रिकेत 'पेयं' छापलंय. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी आत्ताच चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला, म्हणजे त्यांना बरोबर कळलंय.

मी याच शहरात 27 वर्षं लोकांच्या घरांच्या अंतर्सजावटीचं काम करते. गेल्या डिसेंबरात माझा भाचा, त्याची बायको आणि तिच्या ऑफिसातला एक मित्र पुण्याहून आले. हा मित्र फर्निचर डिझाइन करतो. भाच्याची फर्माईश ऐका: "आत्या, दोनच दिवस आहेत. ऊन पाहिजे, खायला पाहिजे, संध्याकाळी नीट एक ड्रिंक पाहिजे आणि काहीतरी देखणं बघायला पाहिजे. पण संग्रहालय नको." मी आधी जरा रागावलेच. म्हटलं, हे काय गोवा आहे? मग रात्री पडल्या पडल्या विचार केला, आपण तरी आपल्या गावात असे दोन दिवस कधी घालवले? आपल्या मराठी घरांत 'चैन' हा शब्द तोंड वाकडं करूनच उच्चारतात. 'चैनी आहे तो' म्हटलं की मुलाचं स्थळ गेलंच.

तर ऊन. साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावरचं हे गाव. डिसेंबरात दिवसा पंचवीस-सव्वीस अंश, रात्री दहाच्या आसपास. मे महिन्यात जे असतं त्याला आपण ऊन म्हणतच नाही, त्याला लू म्हणतो. जुने लोक सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र माळव्याची मानायचे. शब-ए-मालवा. दिवसभर तापलेली जमीन रात्री पटकन निवते, वारा सुटतो आणि माणूस घराबाहेर पडतो. इंदूर रात्री दोनपर्यंत खात बसतं त्यामागे आपल्या जिभेइतकंच हे हवामान आहे. म्हणून मी बेत आखला तो ठिकाणांचा नाही, वेळांचा आखला. कुठल्या वेळी, कुठे आणि कशावर बसायचं, एवढंच ठरवलं.

सकाळी सातला पोहे. पोह्यांबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! पण पुण्याच्या सुनेनं पहिला प्रश्न विचारला, "दाणे कुठे आहेत?" तिला पातेल्याजवळ नेलं. खाली पाणी उकळतंय, वर पोह्यांचं भांडं, आणि सकाळपासून ते त्याच वाफेवर. आपल्या आईचे पोहे कढईतून उतरले की दहा मिनिटांत कोरडे पडायला लागतात. हे अकरा वाजताही ओलसर, मऊ. तेल बेताचं, बडीशेपेचा वास, वर शेव, बुंदी, कांदा, लिंबू आणि जीरावन मसाल्याची चिमूट. शेजारी जिलबी. उभ्यानं, कोवळ्या उन्हाकडे पाठ करून खायचे. पाठ शेकणं हा त्या पदार्थाचाच भाग आहे, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवलं.

नंतर माणिकबाग, होळकरांचा राजवाडा. आता तिथे केंद्र सरकारच्या खात्याचं कार्यालय आहे, हौस म्हणून आत शिरता येत नाही. बाहेरून एक चक्कर मारली आणि घरी येऊन जेवणाच्या टेबलावर छायाचित्रं पसरली. इंदूरचे राजे यशवंतराव होळकर, दुसरे, यांचा जन्म 1908चा. ऑक्सफर्डला असताना त्यांची गाठ एका जर्मन तरुणाशी पडली, एकार्ट मुथेसियस. जन्म 1904. म्हणजे 1930च्या सुमारास माणिकबागेचं काम सुरू झालं तेव्हा राजा बावीस वर्षांचा आणि वास्तुकार सव्वीस! आपल्याकडे त्या वयात मुलांना दिवाणखान्याचा पडदासुद्धा निवडू देत नाहीत. या दोघांनी सिंहासनं, झुंबरं, लाल मखमल असलं सगळं बाजूला सारलं. रूलमानकडून टेबल, सोन्यो आणि आलिक्स या जोडीकडून काच आणि धातूचे पलंग, आयलीन ग्रे यांची 'ट्रान्सॅट' खुर्ची, ल कॉर्बुझिए आणि शार्लोत पेरियाँ यांची ती आडवी आरामखुर्ची. पॅरिसातही ज्या वस्तूंकडे लोक अजून संशयानं बघत होते, त्या इंदुरात रोज वापरल्या जात होत्या.

मला सगळ्यांत आवडते ती मुथेसियसनं वाचनालयासाठी केलेली लाल खुर्ची. जाड, बसकी, आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना दिवे. अंगचेच. जरा थांबून बघा काय केलंय. आपण वाचताना एकच दिवा लावतो, तो डावीकडे असला तर उजव्या पानावर आपलीच सावली. इथे दोन्हीकडून उजेड पानावर, डोळ्यांत मात्र नाही. तार कुठे लोंबत नाही. रात्री उठून दिवा मालवायला चालत जायचं नाही, हात वळवला की झालं. एक माणूस, एक पुस्तक आणि रात्रीची वेळ, एवढ्याचाच विचार करून बांधलेली खुर्ची आहे ती. महाग होती म्हणून ती चैनीची नाही. महाग तर आपल्या लग्नाच्या हॉलमधल्या सोनेरी खुर्च्याही असतात, आणि त्यांवर दहा मिनिटं बसवत नाही.

त्या घराचं पुढे काय झालं, तेही सांगते. 1980 साली मोनॅकोत लिलाव झाला आणि सामान जगभर पांगलं. शिल्पकार ब्रांकुसीकडून घेतलेल्या पक्ष्यांच्या शिल्पांपैकी काळ्या आणि पांढऱ्या संगमरवराचे दोन आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात उभे आहेत. त्या पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं होतं, ते झालंच नाही. याची मला अजून हळहळ वाटते. आपल्याकडे जुन्या राजवाड्याच्या आगीची हळहळ करणारे पुष्कळ आहेत, न बांधलेल्या मंदिराची कोणी करत नाही.

त्या फर्निचरवाल्या मुलाला वाटलं, संपलं डिझाइन. म्हटलं, चल, चार वाजता ऊन तिरपं होईल तेव्हा दुसरं दाखवते. अरण्य वसाहत. तिचे वास्तुकार बाळकृष्ण दोशी, मूळचे पुण्यात जन्मलेले, तरुणपणी पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या हाताखाली काम केलेले. ज्यांची आरामखुर्ची माणिकबागेत होती तेच हे ल कॉर्बुझिए. दोशींनी 1980च्या दशकात इंदुरात गरिबांसाठी वसाहत आखली. पंच्याऐंशी हेक्टर, साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड. लहान भूखंडांवर जोतं, नळ आणि संडास-न्हाणी एवढंच करून द्यायचं, पुढचं घर ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीनं वाढवायचं. नमुन्याची ऐंशी घरं बांधून दाखवली. पुढे वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, 2018 साली दोशींना प्रिट्झकर मिळालं, तेही वास्तुकलेचंच. पण मी त्या मुलांना पुरस्कार बघायला नव्हतं नेलं. लोकांच्या घरांत डोकावायलाही नव्हतं नेलं, ते मला आवडत नाही. मी नेलं होतं ओटे बघायला.

गल्ली अरुंद, त्यामुळे अर्धी सावलीत. दारापुढे दोन-तीन पायऱ्या, पायरीला लागून ओटा. एका ओट्यावर एक म्हातारी मटार सोलत बसली होती. आम्ही चौघं तिच्यासमोर उभे राहून अभ्यासू चेहऱ्यानं जिन्याकडे बघतोय. तिनं शेंग मोडली, मान वर न करता म्हणाली, "थोड़ा खिसको भैया, धूप आने दो." आम्ही खिसकलो. ऊन तिच्या परातीत पडलं. फर्निचरवाला मुलगा नंतर कारमध्ये बराच वेळ गप्प होता.

आता पेयं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही एका हॉटेलच्या गच्चीवर गेलो. नाव घेत नाही. तिथे यादीत 'पोहा-जलेबी मार्टिनी' होती. आली. काचेच्या कडेला जिलबी अडकवलेली, आतल्या पेयावर शेव तरंगतेय. शेव दोन मिनिटांत फुगली आणि तळाशी बसली. आठशे पन्नास रुपये. पण खरं दुःख निराळंच. स्टूल उंच, पाठ नाही, पाय टेकायला आडवी दांडी नाही. अर्धा तास चौघं दोन्ही हातांनी टेबल धरून बसलो होतो, नावेत बसल्यासारखे. समोर मावळतीचा सूर्य, पण त्याच्याकडे वळायचं तर पडू अशी भीती. जिथे लोकांनी लवकर उठून जावं असं वाटतं तिथे असली स्टुलं ठेवतात, हे मला धंद्यामुळे माहीत आहे. पण मग काचेत जिलबी कशाला घालता?

दुसऱ्या संध्याकाळी घरच्या गच्चीवर मीच केलं. इंग्रजीतला 'पंच' हा शब्द आपल्याच 'पाच'वरून गेला, असं बहुतेक कोशकार मानतात. मद्य, आंबट, गोड, पाणी आणि मसाला, अशा पाच गोष्टी. आता मद्य काढून टाका आणि बघा काय उरतं. पन्हं! कैरीचा आंबटपणा, गूळ, पाणी, वेलची, चिमूटभर मीठ. ज्या बाईला पन्ह्याचं प्रमाण जमतं तिला कॉकटेल शिकवायची गरज नाही, हे मी इथे जाहीरपणे सांगते. (टाळ्या पहिल्या रांगेतून आल्या, नोंद घ्यावी.)

मी मोहाची वापरली. मोहाची फुलं मार्च-एप्रिलात पहाटे गळतात, ती वेचायची, वाळवायची, मग आंबवून गाळायची. अलिराजपूरच्या आणि डिंडोरीच्या आदिवासी बचत गटांची मोहाची आता हेरिटेज मद्य म्हणून सरकारमान्य आहे. आपण ज्याला 'हातभट्टी' म्हणून नाक मुरडलं, त्यात फुलांचा काय सुगंध असतो! दोन भाग मोहाची, एक भाग लिंबू, एकाला जरा कमी गुळाचा पाक, मिठाचे दोन कण. मीठ कडवटपणा दाबतं. शेकर नव्हता, म्हणून आईचा स्टीलचा फिरकीचा डबा घेतला, बर्फ भरला आणि दहा-पंधरा सेकंद जोरात हलवला. डब्यावर बाहेरून दव धरलं आणि बोटं बधिर व्हायला लागली की थांबायचं. तेवढ्यात थोडा बर्फ वितळून पाणी आत मिसळतं, आणि ते पाणी पाककृतीतलंच आहे. पाण्याशिवाय हे पेय नुसतं चावतं. सून पीत नाही, तिला आमसुलाचं सरबत त्याच डब्यात, तसंच हलवून. तेही चारपट चांगलं लागलं. बसायला आमच्या गच्चीचा कठडा आणि दोन जुन्या वेताच्या खुर्च्या. पश्चिमेकडे तोंड.

एक व्यवहाराची गोष्ट: इथून तुमचे पाहुणे महेश्वर किंवा उज्जैनला जाणार असतील तर आधीच सांगून ठेवा, 1 एप्रिल 2025पासून तिथे दारूविक्री बंद आहे. महेश्वरला घाटावर बसून नर्मदा बघायची, तिथे दुसरं काही लागतही नाही.

राहिला सराफा. वाटेत काचमंदिर आहे. भिंती, छत, जमीन सगळीकडे काच. पुण्याच्या मुलांना डोळे दिपल्यासारखं झालं. मला स्वतःला ते फार होतं. मला गल्ली जास्त आवडते.

सराफ्याची व्यवस्था बघा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं. रात्री आठ-नऊला ती मिटतात आणि त्याच दुकानांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. रात्रभर गल्ली जागती राहिली की तिजोऱ्यांची राखण आपोआप होते म्हणून सराफांनीच हे चालू दिलं, असं सांगतात. एकाच जागेचे दोन संसार. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे शिकवायला हवं. आम्ही भुट्ट्याचा किस घेतला. कोवळी कणसं किसणीवर किसून तुपात हिंग-मिरचीवर परतायची, मग दूध, आणि ते दूध आटेपर्यंत हात थांबवायचा नाही. हात थांबला की तळाला धरतं. मग दहीवडा, तो द्रोण हवेत उडवून झेलतात तो. मग भाच्याच्या अंगी हुशारी संचारली. "तळकट झालंय आत्या, एकेक शिकंजी मागवू, लिंबानं हलकं वाटेल." मी काही बोलले नाही. आली ती आपली इंदुरी शिकंजी, आटवलेलं दूध, मठ्ठा, केशर, सुका मेवा, चमचा उभा राहील अशी. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. संपवली मात्र.

शेवटी गराडू घेतलं, थंडीतच मिळणारा कंद तो. दोनदा तळलेलं, वर जीरावन आणि लिंबू. बसायला जागा कुठे? एका बंद दुकानाच्या पायरीवर चौकीदार बसला होता. त्यानं आपलं घोंगडं गोळा केलं आणि हातानं पायरी झटकून दिली. आम्ही टेकलो. पाठीला लोखंडी शटर, समोर गाडीचा उजेड, अंगावर गल्लीतला धूर. फर्निचरवाला मुलगा मात्र बसेना. खाली वाकून वीतेनं पायरीची उंची मोजायला लागला. दोन वीत भरली. "अठरा इंच," तो मला म्हणाला, "काकू, खुर्चीच्या बैठकीएवढीच आहे ही." मग रुंदी मोजायला लागला.

चौकीदार त्याच्याकडे बघत होता. म्हणाला, "भिया, गराडू ठंडा हो रिया है."