कुत्र्याला घेऊन कोकण किनाऱ्याने

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी सरली की कोकणचा दर्या निवळतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, पाणी सपाट पडतं, आणि होडी घेऊन दोन-चार दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून यायचे बेत शिजू लागतात. घरात कुत्रा असला की लगेच प्रश्न येतो, त्याला कुणाकडे ठेवायचं? बरोबर न्या. चार दिवस अनोळखी पिंजऱ्यात राहण्यापेक्षा तो होडीत तुमच्या पायाशी बरा. पण मग सफर त्याच्या पोटाच्या, लघवीच्या आणि उन्हाच्या हिशेबाने आखा. नुसत्या माणसांच्या हौसेने आखलेल्या सफरीत हाल होतात ते त्याचे, आणि त्याला ते बोलून दाखवता येत नाहीत.

पहिला हिशेब टप्प्याचा. मोठा, निरोगी कुत्रा घरी आठ-आठ तास लघवी धरतो खरा, पण हलत्या होडीत, उन्हात, सारखं पाणी पीत असताना चार तासांपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. 6 नॉटने चालणारी होडी चार तासांत 24 सागरी मैल जाते. सागरी मैल म्हणजे सुमारे 1.85 किलोमीटर. आता नकाशा समोर धरा. दिघीहून बाणकोट साधारण 18 ते 20 मैल, दाभोळहून जयगड 17-18, जयगडहून रत्नागिरी 20च्या आसपास, देवगडहून मालवणही तेवढंच. विजयदुर्ग ते देवगड तर 11-12 मैल. आपला किनारा खाड्यांनी असा कापलेला आहे की प्रत्येक टप्प्याच्या शेवटी कुत्र्याला पाय मोकळे करायला जमीन मिळते. रत्नागिरी ते विजयदुर्ग तेवढा 26 मैलांच्या पुढे जातो. तिथे वाटेत पूर्णगडला थांबायची तयारी ठेवा. शक्यतो उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. या दिवसांत दुपारचा वारा वायव्येकडून येतो. तो पाठीशी असला तर होडी कमी आपटते आणि तुषारही अंगावर कमी येतात.

वेळ सकाळची. दुपारी बारानंतर खारा वारा चढतो, लाटा उभ्या राहतात आणि फायबरचा डेक तापतो. म्हणून उजाडता निघून दहा-अकराच्या आत पुढच्या खाडीत शिरायचं. अंधारात मात्र निघू नका. जाळ्यांचे बोये दिसत नाहीत आणि दोर इंजिनाच्या पंख्यात गुंडाळला की होडी जागच्या जागी डोलत राहते. कुत्र्याला उलटी लागायला तेवढं पुरतं.

आता भरतीचं गणित, कारण केळशी, आंजर्ले, बाणकोट अशा खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असताना समोरून लाट आली की ती त्या दांड्यावर उभी राहून फुटते. तिथे होडी आडवी झाली तर माणूस काही तरी धरतो, कुत्र्याला धरायला हात नसतात. दांडा ओलांडायचा तो चढत्या पाण्यात, निम्मी भरती झाल्यावर. दर्यावर्दी लोकांचा जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास बारा. ही मुंबईकडची वेळ. दक्षिणेकडे जावं तशी भरती थोडी लवकर येते, म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या. पौर्णिमेला निघालात तर सकाळी सहाला पूर्ण ओहोटी, खाडीतून बाहेरच पडता येत नाही. अष्टमीला बाहेर पडणं सोपं, पण पोहोचाल तेव्हा पाणी उतरलेलं. कुत्र्यासोबतच्या सफरीला सर्वांत सोयीच्या तिथी एकादशी, द्वादशी, त्रयोदशी, पक्ष कोणताही चालेल. द्वादशीला नऊच्या सुमारास पूर्ण भरती. म्हणजे उजाडता अर्ध्या भरतीवर बाहेर पडायचं आणि भरल्या पाण्यात पुढच्या खाडीत शिरायचं. दिघी, जयगड, विजयदुर्ग ही खोल बंदरं आहेत, तिथे ही काळजी कमी.

टप्पे कितीही नीट आखले तरी होडीवर शी-शूची सोय हवीच. इंजिन बंद पडलं, बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागला, खाडीबाहेर नांगर टाकून थांबावं लागलं, तर कुत्रा काय करणार? बरेच कुत्रे डेकवर करतच नाहीत. घरात करायचं नाही हे आपणच त्यांना शिकवलेलं असतं आणि होडीला ते घरच समजतात. बळेच धरून ठेवल्याने मूत्रमार्गाचा त्रास होतो. यावर उपाय साधा आहे, काथ्याची जाड चटई. साधारण तीन फूट बाय दोन फूट घ्या आणि एका कोपऱ्याला भोक पाडून त्यात दोन मीटर दोरी ओवा. सफरीच्या तीन आठवडे आधी ती अंगणात, त्याच्या नेहमीच्या जागेवर पसरा. त्याने केली की लगेच शाबासकी आणि खाऊ, आणि दर वेळी एकच शब्द. चटई पूर्ण धुऊ नका, थोडा वास राहू द्या. दुसऱ्या आठवड्यात ती गच्चीवर न्या, तिसऱ्यात धक्क्याला बांधलेल्या होडीत. सफरीत काम झालं की दोरीने समुद्रात खंगाळून वर ओढायची. प्लास्टिकचं नकली गवत हलकं असतं, वाऱ्याने उडतं आणि उन्हात तापतं. काथ्या पावलांना पकड देतो, आणि तो कोकणात हाताशी मिळतो.

पकडीचा मुद्दा आलाच आहे तर डेककडे बघा. ओला फायबर कुत्र्याच्या नखांना काचेसारखा. पाय फाकून पडला की मांडीचा सांधा दुखावतो. बसण्या-चालण्याच्या जागेवर रबरी किंवा काथ्याची चटई घट्ट बांधून टाका. जागा होडीच्या मध्यावर, खाली; नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, आपटणं जास्त आणि पिछाडीला इंजिनाचा धूर. नांगराचा दोर, साखळी आणि दोरांची वेटोळी यांपासून त्याला लांब ठेवा. नांगर सुटला की दोर सापासारखा पळतो आणि त्यात अडकलेला पाय मोडतो.

बोटीला कठडा असेल तर त्याला जाळी लावा. जाळ्यांच्या दुकानात नायलॉनची जाळी वजनावर मिळते. चार-पाच सेंटिमीटर आसाची, म्हणजे तेवढ्या भोकांची, बास, त्यातून पंजा अडकत नाही आणि पिल्लू निसटत नाही. दर वीतभर अंतरावर बांधा आणि खालची कडा डेकलगत ताणून घ्या, कारण कुत्रा घसरतो तो खालूनच. पट्टा नेहमी छातीच्या हार्नेसला, गळ्यातल्या पट्ट्याला कधीही नाही. गळ्याला बांधलेला कुत्रा कठड्याबाहेर पडला तर लटकतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत संपतो. दोरी मुळातच इतकी आखूड ठेवा की तो काठापर्यंत पोहोचू नये.

लाइफ जॅकेट प्रत्येक कुत्र्याला हवं, पट्टीच्या पोहणाऱ्या लॅब्राडॉरलासुद्धा. पोहता येणं वेगळं आणि तासभर लाटेत तरंगणं वेगळं. जॅकेट नारिंगी असावं, पाठीवर मजबूत मूठ, पोटाखालून दोन रुंद पट्टे. पट्टा आणि अंग यांत दोन बोटं जावीत, जास्त नाही. ते घालून कुत्र्याला मुठीने जमिनीवरून दोन इंच उचलून बघा. पुढचा पाय निसटला किंवा जॅकेट मानेवर चढलं तर माप चुकलं आहे. काळ्या कुत्र्याला काळं जॅकेट घालणारे लोक भेटतात. लाटेत पन्नास मीटरवर तो त्यांनाच दिसणार नाही.

तरीही पडलाच तर? आधी गिअर न्यूट्रल. एकाने बोट दाखवत नजर त्याच्यावरच ठेवायची आणि त्या एकानेच त्याला नावाने हाक मारत राहायचं. सगळे ओरडले तर तो गोंधळतो आणि भलतीकडे पोहतो. वाऱ्याच्या वरच्या बाजूने सावकाश या आणि शेवटचे काही मीटर होडी वाऱ्यानेच त्याच्याकडे सरकू द्या. त्या वेळी पंखा फिरता कामा नये. जॅकेटच्या मुठीत आकडी अडकवून त्याला होडीच्या बाजूला घ्या. 30 किलोचा भिजलेला कुत्रा एकट्याने उचलत नाही. पोटाखालून ओलं गोणपाट सरकवून दोघांनी ओढा. त्याच्यामागे पाण्यात उडी मारू नका. घाबरलेला कुत्रा तुमच्या खांद्यावर चढू पाहतो आणि दोघंही खाली जाता. रिकाम्या कॅनला जॅकेट बांधून ही कवायत दोनदा करून बघा.

पाण्याचा साठा. कुत्र्याला रोज दर किलो वजनामागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागतं, कोकणच्या दमट उन्हात त्याच्या दुपटीपर्यंत. 20 किलोच्या कुत्र्याला रोजचे दोन लिटर धरा, आणि अंगावरचं खारं पाणी धुवायला पाच लिटर वेगळे. तासातासाला वाटी पुढे करा. तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी पितो आणि त्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. थोडं गेलं तर जुलाब आणि उलट्या. जास्त गेलं तर झोकांड्या, थरथर, झटके. तशी लक्षणं दिसली तर एकदम भरपूर गोडं पाणी पाजू नका, मेंदूला सूज येऊ शकते. घोट-घोट द्या आणि तडक पशुवैद्य गाठा. सुकट किंवा खारवलेला बोंबील ओरपला तरी मीठ तसंच चढतं.

ऊन हा सर्वांत मोठा शत्रू. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो, आणि दमट हवेत ते नीट जमत नाही. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर एप्रिल-मे महिन्यांत दर्यावर नेऊच नये. डेकवर हाताचा पंजा सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. ताडपत्रीची सावली करा, बाजू उघड्या ठेवा. डिजिटल थर्मामीटर पेटीत हवाच, ताप गुदद्वारातून घ्यायचा. 101 ते 102.5 फॅरनहाइट ठीक. 104च्या पुढे, जीभ लालभडक, लाळ चिकट आणि चाल डगमगती असेल तर लगेच पाणी ओतून वारा घाला. समुद्राचं पाणीही चालेल, फक्त तोंडात जाऊ देऊ नका. 103 झालं की ओतणं थांबवा, नाहीतर अंग गरजेपेक्षा गार पडतं. त्यानंतरही पशुवैद्याला दाखवायचंच, आतल्या अवयवांचं नुकसान वरून दिसत नाही.

होडी लागते ती माणसांसारखीच. वारंवार जांभया, ओठ चाटणं, लाळ ही पहिली खूण. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका. पशुवैद्याने उलटी थांबवणाऱ्या मॅरोपिटंटच्या गोळ्या लिहून दिल्या तर त्या निघण्याआधी दोन तास द्यायच्या असतात. माणसांच्या पेटीतलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन त्याला देऊ नका, त्याने जीव जाऊ शकतो.

किनाऱ्यावर उतरताना आधी माणूस, मग कुत्रा. जमीन दिसताच तो उडी मारतो आणि लहान होडी कलंडते. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि खडकांवर कालवं; ती पावलं ब्लेडसारखी कापतात. वाळूवर मरून पडलेला, टम्म फुगलेला केंड मासा दिसला तर कुत्र्याला ओढून लांब न्या. त्याचं विष शिजवूनही जात नाही आणि त्यावर उतारा नाही. गळ टोचला तर मागे ओढू नका. टोक पुढे काढून पक्कडीने काटा तोडा आणि मगच बाहेर घ्या. तोंडात किंवा घशात गळ असेल तर हात न लावता दवाखाना. प्रत्येक मुक्कामाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन निघण्याआधी लिहून घ्या, लसींचं कार्ड बरोबर ठेवा.

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, आणि कुत्र्याचं नाक ती वाळूखालून हुडकतं. मोकळा सोडलेला एक कुत्रा एका रात्रीत घरटं संपवतो. 2002पासून वेळासला माणसं ही घरटी जपत आली आहेत. तिथे पट्टा सुटता कामा नये, दिवसाही. गावात बोंबील वाळत घातलेल्या मांडवांपाशीसुद्धा नाही. तो कुणाच्या तरी वर्षाच्या मिठा-पिठाचा माल असतो.

निघण्यापूर्वी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा ऐका. तीन नंबरचा बावटा लागला तर बेत रद्द. तटरक्षक दलाचा नंबर 1554, सागरी पोलिसांचा 1093. होडीवर कुत्रा आहे हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगून ठेवा.

या तयारीला खरा वेळ पावसाळ्यात मिळतो. 1 जूनपासून मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाप टाकून शाकारलेल्या असतात. ओळखीच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारा आणि वाळूवर उभ्या असलेल्या त्या होडीत कुत्र्याला रोज पाव तास चढवा. जॅकेट घालून, चटई पसरून, त्याचं जेवण तिथेच. आठवडाभराने कुणाला तरी होडी बाजूने थोडी हलवायला सांगा. तो चटईवर बसून राहिला तर नारळी पौर्णिमेनंतर, दर्या निवळला की, खाडीच्या आतल्या आत अर्ध्या तासाची पहिली फेरी मारायला हरकत नाही.