आंबणे कोठे थांबवले? : फळांची आंबवलेली पेये, शिरका आणि आरोग्य

(सांगली येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

काही वर्षांपूर्वी तासगावजवळच्या आमच्या नातेवाइकांच्या बागेत ऐन काढणीत पाऊस झाला आणि द्राक्षमणी तडकले. व्यापाऱ्याने माल नाकारला, बेदाण्यालाही तो घेण्याजोगा राहिला नव्हता, म्हणून त्यातले दोन क्रेट आमच्या घरी येऊन पडले. माझ्या पत्नीने मणी निवडले, कुस्करले, चिनी मातीच्या बरणीत भरले आणि वर दादरा बांधून बरणी माजघराच्या कोपऱ्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी बरणीला कान लावला तर आत बारीक खदखद ऐकू येत होती. आठव्या दिवशी असा वास सुटला की शेजारच्या काकू काहीतरी निमित्त काढून चौकशी करून गेल्या. आणि दोन महिन्यांनी थेंबभर जिभेवर ठेवला तेव्हा दोन्ही डोळे आपोआप मिटले. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली, आणि वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिलेली दोन समीकरणे त्या बरणीने माझ्या घरात, मला न विचारता, सोडवून दाखवली.

पहिले समीकरण यीस्टचे. द्राक्षाच्या सालीवर आणि आजूबाजूला असलेली ही किण्वे रसातील साखर खातात आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करतात. 100 ग्रॅम साखरेपासून कागदावरच्या हिशेबाने सुमारे 51 ग्रॅम अल्कोहोल मिळते. पिकलेल्या द्राक्षाच्या लिटरभर रसात 200 ग्रॅमच्या आसपास साखर असते, त्यामुळे तो पूर्ण आंबला तर 11 ते 12 टक्के अल्कोहोल असलेला द्रव तयार होतो. दुसरे समीकरण ॲसिटिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंचे. त्यांना हवा लागते. हवा मिळाली की ते त्या अल्कोहोलचे आम्ल करतात आणि रसाचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो. बरणीभोवती घोंघावणारी चिलटे हे जिवाणू इकडून तिकडे वाहून नेतात, म्हणून दादरा जाड कापडाचा आणि घट्ट बांधलेला असावा लागतो. आमचा तो तसा नव्हता, हे सांगायला हरकत नाही.

ही दोन कामे सजीव करतात, हे फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी दाखवले. ओर्लेआँ हे शिरक्यासाठी नावाजलेले गाव. तेथील शिरका करणाऱ्या कारखानदारांपुढे पाश्चर यांनी नोव्हेंबर 1867 मध्ये जाहीर व्याख्यान दिले, आणि शिरक्याच्या पृष्ठभागावर येणारी साय म्हणजे जिवंत जिवाणूंचा थर आहे, तो नीट सांभाळला तर शिरका चांगला होतो, हे त्यांना समजावून सांगितले. ज्यांचा तो धंदाच होता त्यांच्यासमोर जाऊन शास्त्र सांगण्याचे ते धाडस मला फार आवडते. सांगलीत द्राक्षावर बोलायला उभे राहणारा माणूस ते थोडेसे समजू शकतो.

हे एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, फळांच्या आंबवलेल्या पेयांच्या आरोग्यगुणांविषयी जे काही बोलले जाते त्यातील निम्मा गोंधळ एकच प्रश्न न विचारल्याने होतो: आंबणे कोठे थांबवले? एकाच बरणीतून आठवड्याने काढलेला रस, महिन्याने काढलेला रस आणि तीन महिन्यांनी काढलेला रस हे शरीराच्या दृष्टीने तीन वेगळे पदार्थ आहेत. पहिल्यात साखर आहे, जिवंत सूक्ष्मजीव आहेत आणि थोडे अल्कोहोल आहे. दुसऱ्यात मुख्यतः अल्कोहोल आहे. तिसऱ्यात आम्ल आहे. या तिघांना ‘फर्मेंटेड’ या एका शब्दात बसवून एकाचे गुण दुसऱ्याच्या पदरात घातले जातात.

मधल्या टप्प्याचे लवकर आटोपतो. द्राक्षाच्या वाइनमध्ये रेझव्हेराट्रॉल नावाचे द्रव्य असते आणि त्यामुळे ती हृदयाला चांगली, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. लाल वाइनच्या एका लिटरमध्ये हे द्रव्य काही मिलिग्रॅमच असते, तर त्याच्या औषधी चाचण्यांत रोजचे प्रमाण बहुधा शेकडो मिलिग्रॅमचे ठेवलेले असते. तेवढे वाइनमधून घ्यायचे म्हटले तर हृदयाच्या आधी यकृत हात टेकेल. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्टच सांगितले की अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक म्हणता येत नाही. वाइन म्हणजे दारू नव्हे, असे आपल्याकडे बागाईतदाराच्या कळवळ्यापोटी म्हटले जाते. कळवळा खरा आहे, विधान खरे नाही. आयुर्वेदातील द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट हेही याच टप्प्यावर थांबवलेले पदार्थ आहेत. आपल्या सह्याद्रीत उन्हाळ्यात लाल फुलणारी धायटी त्यांत आंबवण्यासाठी घालतात, आणि तयार औषधात साधारणपणे 5 ते 10 टक्के अल्कोहोल आपोआप निर्माण झालेले असते. ती चमच्याने मोजून घ्यायची औषधे आहेत, पेये नव्हेत, आणि वैद्य त्यांकडे तसेच पाहतात.

आता पहिला टप्पा. ताक, दही, आंबील हे आपल्या घरातील आंबवलेले पदार्थ. फळांची तशी परंपरा आपल्याकडे कमी, पण हल्ली गोड चहा आंबवून केलेला कोंबुचा, अननसाच्या सालींचे तेपाचे अशी नावे साताऱ्या-सांगलीच्या तरुण मुलांच्याही तोंडी ऐकू येतात. या पेयांच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितला जाणारा पुरावा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 36 निरोगी प्रौढांचे दोन गट केले होते. एका गटाने दहा आठवडे भरपूर तंतुमय आहार घेतला, दुसऱ्याने दही, केफिर हे दुधाचे आंबवलेले पेय, किमची हे कोरियातील भाज्यांचे लोणचे, भाज्यांचे आंबवलेले पाणी, कोंबुचा असे पदार्थ वाढवले. दुसऱ्या गटाच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि दाहाशी संबंधित 19 प्रथिनांचे रक्तातील प्रमाण घटले. अभ्यास लहान आहे, पण काळजीपूर्वक केलेला आहे, आणि मी त्याला मान देतो. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. त्या गटाने एकच पेय प्यायले नव्हते, अनेक पदार्थ खाल्ले होते, आणि त्यांतले बरेचसे दुधाचे किंवा भाज्यांचे होते. शिवाय घरी फळांच्या रसाला साखर घालून बाटलीत बंद केलेल्या पेयात किती साखर उरली आणि किती अल्कोहोल झाले, हे चवीवरून कळत नाही. लहान मुलांना, गर्भवतींना आणि मधुमेह्यांना ‘नैसर्गिक सरबत’ म्हणून असे पेय देणे मला तरी पटत नाही. बुडबुड्यांच्या दाबाने बाटली फुटते ते निराळेच. ज्याला जिवंत सूक्ष्मजीवच हवे आहेत, त्याने ताक प्यावे. आपल्या आजीला स्टॅनफर्ड ठाऊक नव्हते, ताक ठाऊक होते.

शिरक्याकडे येऊ. खरा मुद्दा येथे आहे, आणि बाजारही येथेच आहे. सफरचंदाच्या शिरक्याची बाटली आता औषधाच्या दुकानात, मॉलमध्ये आणि व्हॉट्सॲपवर सर्वत्र दिसते. तळाशी गढूळ साका असलेली, ‘मदर’ असे छापलेली बाटली जास्त महाग असते. हा साका म्हणजे जिवाणूंनी विणलेले सेल्युलोजचे जाळे आणि त्यात अडकलेले तेच ॲसिटिक जिवाणू. ते दह्यातील जिवाणूंसारखे पोटासाठी उपकारक म्हणून सिद्ध झालेले नाहीत. शिरक्याचा जो परिणाम मोजला गेला आहे तो प्रामुख्याने आम्लाचा आहे, आणि आम्ल गाळलेल्या, स्वच्छ शिरक्यातही तेवढेच असते.

तो परिणाम असा. भाकरी, भात, पाव यांतील पिठूळ पदार्थ पचून रक्तात साखर चढते. जेवणाबरोबर शिरका पोटात गेला तर ही चढण थोडी मंद होते. स्वीडनमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 12 निरोगी व्यक्तींना पांढरा पाव शिरक्याच्या वेगवेगळ्या मात्रांसह दिला, तेव्हा मात्रा जितकी जास्त तितकी रक्तातील साखर कमी चढली आणि पोट भरल्याची भावना जास्त टिकली. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात 29 जणांवर झालेल्या प्रयोगात 20 ग्रॅम सफरचंदाचा शिरका जेवणाआधी दिला होता. ज्यांचे शरीर इन्सुलिनला दाद देत नव्हते पण ज्यांना अजून मधुमेह झालेला नव्हता, त्यांच्यात जेवणानंतरच्या तासाभरात इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद 34 टक्के सुधारलेला आढळला. ज्यांना मधुमेह होता त्यांच्यात ही सुधारणा 19 टक्के होती आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरती उतरली नाही. म्हणजे ज्याला या गोष्टीची सर्वांत जास्त गरज, त्याला ती सर्वांत कमी लागू पडली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत; उपयोग झालाच तर तो या दुसऱ्या मंडळींना, आणि तोही जेवणात बदल केला तरच.

हे घडते कसे? एक तर आम्लामुळे जठर आपले अन्न सावकाश पुढे सोडते. दुसरे म्हणजे साखर तोडणाऱ्या काही विकरांचे (एन्झाइमांचे) काम आम्ल मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. दोन्ही कारणे जेवणाशी बांधलेली आहेत. म्हणून सकाळी रिकाम्या पोटी कोमट पाण्यातून शिरका घेण्याच्या रूढ सल्ल्यामागे मला काही तर्क सापडत नाही. त्या वेळी जठरात अडवून धरायला काही असतच नाही.

आणि हे जर आम्लाचेच काम असेल, तर आपल्या ताटातील लिंबाची फोड काय करते? लिंबाच्या रसाबरोबर पाव खाल्ल्यावरही साखर सावकाश चढते, असे फ्रान्समधील एका छोट्या प्रयोगात दिसले आहे. चिंच, आमसूल, ताक यांवर इतके मोजमाप झालेले नाही, म्हणून मी त्यांच्याविषयी दावा करणार नाही. पण जेवणात आंबट असावे हा आपल्या स्वयंपाकाचा दंडक मला बाटलीपेक्षा जास्त शहाणा वाटतो.

वजनाचा दावा मात्र निराळ्या जातीचा आहे. जपानमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लठ्ठ व्यक्तींना 12 आठवडे रोज 15 किंवा 30 मिलिलिटर शिरका दिला. वजन सरासरी एक ते दोन किलो उतरले, आणि शिरका बंद केल्यावर चार आठवड्यांत ते परत चढू लागले. संशोधक शिरका बनवणाऱ्या कंपनीतीलच होते, हेही नोंदवून ठेवू. पुढे 2024 मध्ये लेबनॉनमधील एका चाचणीने 12 आठवड्यांत सहा ते आठ किलो वजन उतरल्याचे सांगितले आणि जगभर त्याच्या बातम्या झाल्या. आकडेवारीचा मेळ बसत नाही म्हणून ज्या नियतकालिकाने तो निबंध छापला होता त्यानेच 2025 मध्ये तो मागे घेतला. बातमी आपल्या फोनपर्यंत आली होती. ती मागे घेतल्याची बातमी किती जणांपर्यंत पोचली, हे हात वर करून सांगा. (सभागृहात दोन हात वर झाले.)

अपायही सांगितले पाहिजेत. दाताचे कवच साधारण 5.5 पेक्षा कमी सामूला (पीएचला; हा आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) झिजू लागते, आणि शिरक्याचा सामू तीनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. निर्जळ शिरका घोटघोट पिणे म्हणजे दातांवर रोज आम्लाचा हात फिरवणे. ऑस्ट्रियात 1998 मध्ये नोंदवलेल्या एका रुग्णाची गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे: 28 वर्षांची तरुणी, सहा वर्षे रोज सुमारे 250 मिलिलिटर शिरका पीत होती, तिच्या रक्तातील पोटॅशियम घसरले होते आणि त्या वयात हाडे ठिसूळ झाली होती. ज्यांचे जठर मधुमेहामुळे आधीच मंदावलेले आहे त्यांच्यात शिरक्याने ते आणखी मंदावते, असे स्वीडनमधील दहा रुग्णांवरील प्रयोगात आढळले, आणि इन्सुलिन घेणाऱ्याला ते महागात पडू शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी, तसेच आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. चरकसंहितेत शिरक्यासारख्या ‘शुक्ता’चे वर्णन येते, तेथे ते वाताला वाट करून देते असे म्हणतानाच रक्तपित्त वाढवते असेही सांगितले आहे. आजच्या बाटलीवर त्यातला एकच अर्धा भाग छापलेला असतो.

फळ कोणते, याने फरक पडतो का? आम्लाच्या दृष्टीने फारसा नाही. हॉटेलात येणारा कांदा ज्यात बुडवलेला असतो तो बहुधा ॲसिटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेला कृत्रिम शिरका असतो. कायद्याने त्याच्या लेबलवर तसे लिहावे लागते, आणि आंबवलेला असो वा कृत्रिम, दोन्ही शिरक्यांत आम्ल किमान 3.75 टक्के असावे लागते. फरक पडतो तो फळाच्या रंगद्रव्यांनी व तुरट द्रव्यांनी, ज्यांचा काही भाग आंबल्यानंतरही टिकतो. येथे आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट सांगतो: थॉमसन, सोनाका, माणिक चमन ही आपली मुख्य द्राक्षे हिरवी आहेत, आणि लाल वाइनच्या नावावर जे गुण सांगितले जातात ते काळ्या द्राक्षाच्या सालीतील रंगाचे आहेत. जांभळाच्या सालीत तसा रंग भरपूर असतो, आणि साताऱ्याच्या डोंगरात जांभळे दरवर्षी झाडाखाली सडून जातात. त्यांचा शिरका चवीला सुरेख होतो. तो मधुमेह बरा करतो, असे मात्र मी म्हणणार नाही.

शेवटी चिठ्ठीवर आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर देतो. एका बागाईतदारांनी विचारले आहे की, पावसात सापडलेल्या द्राक्षांचा शिरका करून ‘आरोग्यदायी’ म्हणून विकता येईल का. शिरका नक्की करता येईल. तडकलेले मणी चालतील, पण बुरशी धरलेले घड बाजूला काढावेत, आणि फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी झाली ते पाहावे. ही वाट अल्कोहोलच्या टप्प्यातून जाते, म्हणून व्यवसाय म्हणून हात घालण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे चौकशी करावी, आणि अन्नपदार्थाचा परवाना तर लागेलच. लेबलवर फळाचे नाव, आम्लाचे प्रमाण आणि ‘पाण्यात मिसळून, जेवणाबरोबर’ एवढे लिहावे. रोग बरा होतो असे खाद्यपदार्थावर छापण्यास 2018 च्या नियमांनी बंदी आहे. भाव कसा मिळेल, हे मात्र मला विचारू नका. आमची बरणी अखेर नातेवाइकांच्याच लोणच्यात संपली.